या सरकारच्या काळात

दोल्गोर म्हातारी गोबीच्या वाळवंटातून मंगोलियाच्या राजधानीत लेकीकडे आली ती सणाला आल्यासारखी. जीपमध्ये इतर माणसांच्या मधे चेपून बसली होती. मांडीवर वाळवलेल्या दह्याच्या खड्यांची पिशवी होती, आणि छातीशी खादागची, म्हणजे लामांना वाहायच्या निळ्या रेशमी वस्त्राची, घडी. शेळ्या शेजाऱ्यांच्या हवाली केल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं शेळ्या कुणाच्या तरी भरवशावर सोडल्या, कारण थोरले लामा हिंदुस्थानातून येणार होते. त्यांचं वय झालं होतं. हिचंही झालं होतं. दोघांपैकी एकाला तरी पुन्हा संधी मिळणार नाही, असा तिचा हिशेब होता.

दारात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "पुढं बसायला मिळेल का गं?"

"आई, आधी बूट तर काढ," नोमिन म्हणाली. "चहा घे."

"चहा होईल. तू एवढ्या मोठ्या ऑफिसात, तुला एक जागा सांगता येत नाही होय?"

नोमिनला जागा सांगता येत नव्हती. ती परराष्ट्र मंत्रालयात होती, त्यातही दक्षिणेच्या शेजाऱ्याच्या विभागात. म्हणजे चीनशी जो काही पत्रव्यवहार होई, त्याचे मसुदे तिच्या हातून जात. चीनच्या लेखी हे थोरले लामा म्हणजे देश फोडू पाहणारे पुढारी. दूतावासातून निरोपांवर निरोप येत होते, आणि प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा थोडा कमी गोड. मंत्रालयातल्या कुणीही प्रवचनाच्या आसपास फिरकायचं नाही, असं तोंडी सांगून झालं होतं. नोमिननं स्वतः एक वाक्य तयार केलं होतं आणि ते वरपर्यंत जसंच्या तसं मंजूर झालं होतं: "ही भेट पूर्णपणे धार्मिक असून निमंत्रण मठाचं आहे, सरकारचं नाही." त्या वाक्याचा तिला अभिमान होता. आपण देशाभोवती एक छोटं कुंपण घातलं, असं तिला वाटलं होतं.

"तू नाही येणार?" आईनं विचारलं.

"काम आहे."

"काम कसलं, भितेस तू," दोल्गोर म्हणाली आणि चहात मीठ कमी आहे म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपल्या नेमाप्रमाणे गॅलरीत उभं राहून आभाळाच्या चारी दिशांना पळीनं दूध शिंपडलं. घर पाचव्या मजल्यावर. खालच्या मोटारीच्या काचेवर दूध पडून गोठलं आणि मालक वर भांडायला आला. दोल्गोरनं त्याच्या तळहातावर दह्याचा खडा ठेवला. "तुझ्या गाडीला आशीर्वाद मिळाला बाबा, खर्च न करता," ती म्हणाली. माणूस खडा चघळत खाली गेला.

प्रवचन क्रीडासंकुलात झालं. दोल्गोर पुढे बसली नाही, पार मागे बसली, पण परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "दिसले फक्त एवढेसे," तिनं अंगठ्याचं नख दाखवलं. "पण खोकले ना, तो खोकला ऐकू आला मला. अगदी आपल्या घरच्या माणसासारखा."

नोमिन हसली, आणि तेवढ्यात फोन वाजला. थोरला भाऊ चुलून होता.

चुलून कोळशाचा ट्रक चालवायचा. खाणीवरून कोळसा भरायचा, गोबी ओलांडायची, सीमेवरच्या गाशूनच्या नाक्यावरून चीनमध्ये माल उतरवायचा आणि परत. लग्न केलं नव्हतं. ट्रकच आपली बायको, आणि तीही चिनी, असं तो म्हणायचा.

"काय गं बाई, तुमचे लामा काय म्हणतात?" त्याचा आवाज खरखरत होता. "इकडे नाका बंद पडल्यात जमा आहे. काल गाड्या मोजून सोडल्या, आज एकही नाही. वरून नवा कर लावलाय, माल नेणाऱ्या प्रत्येक गाडीवर. का म्हणून विचारलं, तर म्हणतात रस्ता दुरुस्ती."

"होईल सुरळीत, दादा. दोन-चार दिवस धीर धर."

"हे तू बोलतेस की तुझं मंत्रालय?"

नोमिननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं. आईला सांग, मी मजेत आहे."

मजेत कुणीच नव्हतं. थोरले लामा परत गेले, पण नाका उघडला नाही. रांग वाढत गेली. जिथवर नजर जाईल तिथवर काळे ट्रक, एकाला एक चिकटून. थंडी अशी, की टाकीतलं डिझेल दाट व्हायचं आणि ड्रायव्हर गाडीखाली शेकोटी पेटवून टाकी शेकत बसायचे. रांग सोडून जावं तर नंबर जातो. संडासाला जायचं तर आडोसा नाही, गोबीत आडोसा तो कसला? राजधानीत ही सगळी माहिती टेबलावर कागद होऊन यायची. नोमिन ती वाचायची आणि वाचता वाचता भावाच्या ट्रकचा पुढचा तुटका दिवा तिच्या डोळ्यांसमोर यायचा.

पाठोपाठ कर्जाची बोलणी थांबली. बीजिंगहून येणारं शिष्टमंडळ 'तूर्त' येणार नाही, असं कळवण्यात आलं. आमच्या देशाची तिजोरी त्या वर्षी तळाला लागली होती, आणि हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. उत्तरेच्या शेजाऱ्याला विचारून पाहिलं. रशियनांनी सहानुभूती दाखवली. सहानुभूतीला पैसे पडत नाहीत.

दाम्बादार्जा साहेबांनी नोमिनला आत बोलावलं. हे तिच्या विभागाचे प्रमुख. मॉस्कोत शिकलेले, निवृत्तीला टेकलेले, आयुष्यभर दोन शेजाऱ्यांमध्ये मान वाकडी करून बसल्यानं मान खरोखरच वाकडी झालेली, असं लोक म्हणत.

"बसा. माफीचा मसुदा करायचाय."

"माफी? साहेब, आपण कुठं काही..."

"आपण काही केलं नाही हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. माफी न केलेल्या गोष्टीचीच मागतात. केलेल्या गोष्टीचा सौदा होतो." त्यांनी चष्मा पुसला. "त्यांना दोन गोष्टी हव्यात. एक, खेद. दुसरी, ते लामा पुन्हा कधीही या देशात येणार नाहीत, असं स्पष्ट वाक्य."

"कधीही?"

"कधीही."

नोमिनच्या डोळ्यांसमोर आईचं अंगठ्याचं नख आलं. ती म्हणाली, "खेद लिहिते. पण 'कधीही' आपण कसं लिहायचं? उद्या कुणाचं सरकार असेल, त्यांच्या वतीनं मी कशी सही करू? असं म्हणू या, 'या सरकारच्या काळात ते पुन्हा येणार नाहीत.'"

साहेबांनी ते वाक्य पुटपुटून बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आमच्याकडे सरकार म्हणजे तंबू, वारा आला की खुंट्या निघतात. वर्षभर टिकलं तरी लोक कौतुकानं बघतात.

"मोठ्यांकडे रणगाडे असतात नोमिन, आपल्याकडे व्याकरण," साहेब म्हणाले. "करा प्रयत्न. पण ताणू नका. रांगेत माणसं आहेत."

"माझा भाऊच आहे, साहेब."

"मग तर अजिबात ताणू नका."

तिनं ताणलं. चिनी दूतावासातले शू साहेब मसुद्यावर बोलायला आले. गोल चेहऱ्याचे, अस्खलित मंगोल बोलणारे, आईची तब्येत विचारणारे. कागद वाचून त्यांनी बोट त्या तीन शब्दांवर ठेवलं.

"नोमिनताई, हे कशाला?"

"अचूकतेसाठी."

"तुमच्याकडे सरकारं किती टिकतात हो?"

"टिकतील तेवढी टिकतात."

"माझ्या वरिष्ठांना मंगोल राजकारणाची एवढी बारीक जाण नाही. त्यांना साधं वाक्य आवडतं."

"साधंच आहे. आमच्या संसदेला उत्तर द्यावं लागतं मला. तुमच्या वरिष्ठांना नाही लागत."

शू साहेबांनी चहा संपवला, कागद घडी करून खिशात घातला आणि "विचारून सांगतो" म्हणून गेले. मग काहीच नाही. दिवस गेला, दुसरा गेला. दाम्बादार्जा साहेब येता-जाता तिच्या टेबलाशी थांबायचे, फोनकडे बघून पुढे जायचे. तिनं एकदा फोन उचलला, शब्द काढून टाकते म्हणून सांगायला, आणि ठेवून दिला. घरी आई जपमाळ ओढत विचारायची, "चुलूनचा फोन आला का?" चुलूनचा फोन लागत नव्हता. थंडीत बॅटरी मरते, ती आईला सांगायची. स्वतःला सांगायची.

अखेर दूतावासातून होकार आला. शब्द राहिले. त्याच संध्याकाळी मंत्रालयाच्या प्रवक्त्यानं टीव्हीवर ते वाक्य वाचलं.

दोल्गोर टीव्हीसमोर होती. तिनं माळ थांबवली.

"म्हणजे पाहुण्याला घरी बोलावलं, चहा पाजला, आणि तो उंबरा ओलांडून गेल्यावर मागून ओरडायचं, परत येऊ नकोस म्हणून?"

"आई, नाका उघडेल आता."

"माझ्या लहानपणी ते उत्तरेचे रशियन देवाधर्माला नको म्हणत होते, म्हणून माझी आई ओठ न हलवता जप करायची. आयुष्य काढलं तिनं तसं. मला वाटलं, संपलं ते." तिनं लेकीकडे पाहिलं. "हे वाक्य कुणी लिहिलं?"

"ऑफिसात लिहितात."

"ऑफिसाला हात असतात का? तू लिहिलंस."

"हो."

दोल्गोर उठली आणि पिशवी भरायला लागली. ती ओरडली असती तर नोमिनला सोपं गेलं असतं. ती शांतपणे एकेक कपडा झटकून घडी घालत होती. त्या तीन शब्दांसाठी आपण किती भांडलो हे सांगावं, असं नोमिनच्या ओठांवर आलं. तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला. गोम्बो नावाचा ड्रायव्हर होता, चुलूनच्या मागच्या ट्रकवाला.

"ताई, घाबरू नका. चुलूनला दालानझादगादच्या दवाखान्यात आणलंय. पाय गारठलाय त्याचा."

मायलेकी एकाच जीपनं गोबीकडे निघाल्या. वाटेत नोमिननं शाल दिली ती आईनं घेतली, एवढंच. हल्ली रस्ता डांबरी झालाय, पण बर्फानं जागोजागी पुसला होता. दूरवर ट्रकांचे दिवे एका ओळीत दिसायला लागले, आणि दोल्गोर खिडकीच्या काचेला नाक लावून बघत राहिली. दिवे हलत होते. नाका उघडला होता.

चुलून खाटेवर उठून बसला होता. गाल काळवंडलेले, डावा पाय बांधलेला. पुढचा ट्रक बर्फात रुतला होता, तो सगळ्यांनी मिळून ढकलला. बुटात बर्फ गेलं, डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवलेलं, तशाच ओल्या मोज्यांत झोप लागली. सकाळी बूट काढताना गोम्बो ओरडला तेव्हा याला कळलं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती.

"करंगळी आणि तिची शेजारीण," तो आईला म्हणाला. "कामाच्या नव्हत्याच त्या. क्लच दाबायला मधली पुरतात."

दोल्गोरनं त्याच्या डोक्याचा वास घेतला, लहानपणी घ्यायची तसा, आणि खादागचं टोक त्याच्या बांधलेल्या पायाला लावलं. मग मटणाचं सूप कुठं मिळतं ते बघायला बाहेर गेली.

नोमिन खाटेच्या कडेला टेकली.

"दादा, कधी झालं हे?"

"परवा पहाटे कधीतरी." तो हसला. "आणि काल संध्याकाळी नाका उघडला. नशीब बघ माझं. एवढे दिवस रांगेत उभा राहिलो, आणि उघडल्यावर माझा ट्रक गोम्बोच्या भावानं नेला."

नोमिनला तिथून उठून जावंसं वाटलं. जीपमध्ये तिनं ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण भावाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि तो तिच्यासाठी हसत होता.

"मसुदा आधीच तयार होता," ती म्हणाली. "मी त्यात तीन शब्द घातले. 'या सरकारच्या काळात.' त्यांना ते नको होते. त्यात दिवस गेले."

चुलूनला पहिल्यांदा समजलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू आवाजात.

"ते शब्द घातले नसते तर?"

"तर नाका बहुतेक आधी उघडला असता."

"आणि घातले म्हणून आईचे लामा परत येतील?"

"येऊ शकतात. सरकार बदललं तर. कुणी बोलावलं तर."

"कोण बोलावणार? पुन्हा हेच सगळं व्हायला?"

"कुणी नाही. बहुतेक."

"म्हणजे माझी दोन बोटं 'बहुतेक'साठी गेली." खिडकीच्या काचेवर बर्फ धरलं होतं, बाहेर कुणीतरी इंजिन चालू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा. "गोम्बोचं नाक थोडक्यात वाचलं. त्याला तीन पोरं आहेत. त्याला पण सांगशील का हे?"

"दादा..."

"नको, रडू नकोस. रडायचं तर तिकडे ऑफिसात रड." त्यानं पांघरूण पायावर ओढलं आणि म्हणाला, "आईला मात्र सांगू नकोस. ती म्हणेल, बोटं लामांच्या चरणी गेली, पुण्य लागलं. मला पुण्य नको होतं गं. मला बोटं हवी होती."

तिनं आईला सांगितलं नाही. आईला तिच्या तंबूकडे सोडायला जाताना आईनंच विचारलं, "चुलून काय म्हणत होता एवढा वेळ?" आणि नोमिन "काही नाही" म्हणाली. त्यावर दोल्गोरनं मान हलवली आणि दह्याच्या खड्याचा तुकडा मोडून लेकीच्या हातात दिला. राग गेला होता की थकला होता, नोमिनला कळलं नाही.

नव्या वर्षाच्या सणाला ती गोबीत आईच्या तंबूत गेली. मटण भरून वाफवलेल्या बूझ करंज्यांचा डोंगर मधे, चुलून काठी टेकत पाहुण्यांना वाढत होता. ट्रकवर तो परत रुजू झाला होता. बुटाच्या पुढच्या भागात लोकर कोंबली की चालतं, म्हणायचा. बहिणीशी तो बोलत होता, थट्टाही करत होता, पण फोन आता तो आईला करायचा, तिला नाही.

जेवण झाल्यावर नोमिननं सांगितलं, "माझी बदली होतेय. बीजिंगच्या आपल्या दूतावासात. बढती आहे."

चुलून काठी बाजूला ठेवून बसला. ही बातमी तिला दाम्बादार्जा साहेबांनी दिली होती तेव्हा ते म्हणाले होते, "शू साहेबांनी तुमची फार तारीफ केली वर. अशी अचूक अधिकारी हवी म्हणाले." आणि मग वाकडी मान आणखी वाकडी करून, "समोरच्यानं तारीफ केली की आपले खिसे चाचपून बघावेत. पण जा. दुसरं कोण आहे आपल्याकडे?" त्या दिवसापासून ती खिसे चाचपत होती. आपण तेव्हा जिंकलो होतो की त्यांनी जिंकू दिलं होतं? तीन शब्द त्यांनी खरंच नाइलाजानं मान्य केले, की आम्ही कधीच कुणाला बोलावणार नाही हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं?

"वा!" चुलून म्हणाला. "म्हणजे नाक्यावर अडवलं की सांगू का, माझी बहीण आत आहे म्हणून?"

"सांगून बघ. आणखी उशिरा सोडतील."

तो हसला. खरं हसला की काय, तिनं निरखून पाहिलं.

दोल्गोर चुलीत वाळकं शेण घालत होती. पाठमोरीच म्हणाली, "जा. शेजारी तर बदलता येत नाही. मग त्याच्या घरात आपलं एक माणूस असलेलं बरं."

"तुला राग नाही ना आई?"

"राग आहे. रागानं का कुणी लेकीला घरात ठेवतं?"

वसंतात, धुळीच्या वादळांच्या दिवसांत, नोमिन आगगाडीनं निघाली. विमानानं जाता आलं असतं, पण तिला गोबी बघत जायचं होतं. सीमेपलीकडच्या पहिल्या स्टेशनावर गाडी मोठ्या शेडमध्ये नेली. आमचे रूळ रशियन मापाचे, त्यांचे अरुंद. म्हणून डबे माणसांसकट वर उचलतात आणि खालची चाकं बदलतात. संडासांना कुलपं लागली. डबा धक्का खात वर गेला. खाली निळ्या कपड्यांतले कामगार जुनी चाकं ढकलत नेत होते.

समोरच्या बाकावरच्या चिनी बाईनं संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं आणि मोडक्या मंगोलमध्ये विचारलं, "कामाला चाललीस?"

"हो."

"काय काम?"

नोमिनला पटकन शब्द सापडेना. दोन्ही भाषांत सापडेना. "लिहायचं," ती शेवटी म्हणाली.

बाईला ते आवडलं. "चांगलं काम. बसून करता येतं."

फोन थरथरला. चुलून होता. त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा त्यानं आपणहून तिला फोन केला होता.

"पोचलीस?"

"सीमेवर आहे. चाकं बदलतायत."

"मी पण सीमेवरच आहे, माझ्या नाक्यावर. आज पटापट सोडतायत, काय झालंय कुणास ठाऊक. काही कळलं का तुला?"

"नाही दादा."

"कळलं तर सांग. चांगलं असलं तरी सांग. असं पटापट सोडायला लागले की मला झोप लागत नाही." मागे हॉर्न वाजला, कुणीतरी त्याला पुढे हो म्हणून ओरडलं. "चल, माझा नंबर..."

आवाज तुटला. तिनं पुन्हा लावून पाहिला, लागला नाही. डबा अजून अधांतरीच होता. ती हातात संत्र्याची फोड धरून खाली बघत बसली. एक कामगार हातोडीनं नव्या चाकावर ठोकत होता, तडा तर नाही ना म्हणून कान देत होता, आणि पुन्हा ठोकत होता.